व्हिएन्नाचे आठ दिवस

आधी शिंक ऐकू आली, मग शिंकणारी दिसली.

तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला रेकॉर्डची खोली होती. निजामाच्या काळातले उर्दू कागद तिथे लाल फडक्यांत बांधून ठेवलेले असत, आणि ते वाचता येणारा कचेरीत आता एकच माणूस उरला होता – नागनाथ कुलकर्णी. वय बत्तीस, चष्मा जाड, बोलणं कमी. १९७४ च्या मार्चमधली दुपार. कागदांच्या गठ्ठ्यांआड बसून तो डबा खाता खाता पुस्तक वाचत होता, तेवढ्यात दारात कुणीतरी शिंकलं. मग पुन्हा. तिसऱ्या शिंकेला तो उठला.

"धूळ फार आहे इथं... माफ करा."

"तुमी केलीय का ती?" नाकाला पदर लावून ती हसली. "शिपाई म्हणाला, मागं एक साहेब बसतात, ते बोलत नाहीत पण काम करतात."

"साहेब नाही मी. कारकून आहे."

"बघा, बोलले की!"

नागनाथचे कान तापले. हातातला भाकरीचा तुकडा कुठे ठेवावा, हेही त्याला सुचेना.

तिचं नाव पंचफुला वाव्हळे. गावातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा नकाशा करून नद्या कशा शिकवाव्यात, यावर तिने एक लेख लिहिला होता. तो फिरत फिरत कुठून कुठे पोचला, आणि जूनमध्ये जिनिव्हाला भरणाऱ्या शिक्षकांच्या संमेलनाचं तिला बोलावणं आलं. संमेलनानंतर पंधरा दिवस युरोपात फिरायचा रेल्वेचा पासही मिळणार होता. आता पासपोर्ट काढायचा होता, आणि परभणीला कुणीतरी सांगितलं होतं की अर्जाला जन्मनोंदीची नक्कल जोडा. ती नोंद उर्दूत होती.

"कोण कोण जाणार तुम्ही?" नागनाथने विचारलं.

"मी."

"आणि...?"

"आणि माझी पिशवी."

नक्कल मिळायला रीतसर अर्ज लागतो, गठ्ठा शोधायला वेळ लागतो, हे सगळं खरंच होतं. पण ती पुन्हा यावी म्हणून त्याने ते जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

ती आली. मग रविवारी वाचनालयात भेटायचं ठरलं, कारण तिथे जुना मोठा ॲटलास होता. नागनाथने मुंबई-दिल्लीच्या वकिलातींना कार्डं टाकली, आणि पंधरवड्यात कचेरीच्या पत्त्यावर रंगीत पत्रकं यायला लागली. शेजारच्या टेबलावरचा लिंबाजी प्रत्येक पाकीट उन्हाकडे धरून बघायचा.

"काय नागनाथराव, फिरंग्याचे जावई व्हायलात का?"

नागनाथ पाकीट ओढून घ्यायचा. लिंबाजी हसायचा, पण एकदा हसता हसता म्हणाला, "एक सांगू? गेली की गेली ती. हितं काय ठेवलंय तिचं? तीन म्हैने खोली मिळंना तिला गावात, आडनाव ऐकलं की दार बंद. कशाला माघारी येतीय?"

हे वाक्य नागनाथच्या डोक्यात रुतून बसलं.

शहरं निवडायची तिची रीत वेगळी होती. "मी आठवीला सात वर्षं नद्या शिकवतेय," ती म्हणाली. "पूर्णेशिवाय एक धड बघितली नाही. म्हणून शहर नाही बघायचं, नदी बघायची. जिनिव्हाला ऱ्होन, पॅरिसला सीन, कोलोनला ऱ्हाइन. शेवटी डॅन्यूब कुठून बघावी, ते तुम्ही सांगा."

"व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट. पण बुडापेस्टला व्हिसा अवघड असेल... म्हणजे, मला वाटतं. मी कधी गेलेलो नाही."

"तुमी तुमच्या गावाच्या, चारठाण्याच्या पलीकडं कुठं गेलात?"

"औरंगाबादला. दोनदा."

ती खळखळून हसली. वाचनालयातल्या दोन म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्र खाली करून बघितलं. तिने तोंडावर हात धरला, आणि हाताआडून डोळे मात्र त्याच्यावरच ठेवले.

"खायचं काय करणार?" त्याने ॲटलासकडे बघत विचारलं.

"धपाटे. आठ दिवस टिकतात."

"पॅरिसमध्ये धपाटा खाणाऱ्या तुम्ही पहिल्याच असाल."

"तुमी आलात तर दुसरे व्हाल."

त्याने पान उलटलं. युरोप गेला आणि आफ्रिका आली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी ती त्याला घरी घेऊन गेली, वडिलांना भेटवायला. सिताराम वाव्हळे येलदरीच्या धरणावर दगड वाहून म्हातारे झाले होते. आता दम्याने बाजेवरून उठवत नव्हतं. श्वास लागला की ते बोटाने खूण करायचे, थांबा म्हणून. मग सावकाश वाक्य पुरं करायचे.

"शाळंत घालताना मास्तर सगळ्या पोरांची एकच तारीख लिव्हायलता, एक जून," ते म्हणाले. "म्या म्हणलं, माझी पोरगी ज्या दिशी जल्मली तोच दिवस लिवा. तीन कोस चालत पटवाऱ्याकडं गेलो. फसली तारीख इंग्रजीत करून आणली." ते थांबले. श्वास परत मिळवला. "मी धरणाची भिंत बघितली. पाणी अडवलेलं बघितलं. ही जाऊन वाहतं पाणी बघून यील आन मला सांगंल. लवकर जा म्हणतोय. मला लय दिवस न्हाईत."

"बाबा..." पंचफुला म्हणाली.

"खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. डॉक्टरांनी पावसाळ्याचं काही सांगता येत नाही, असं म्हटलं होतं. म्हणजे जूनमध्ये जायचं, जुलैत यायचं आणि बाबांच्या बाजेशी बसून चार नद्या सांगायच्या. यात एका महिन्याचीही उसंत नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागनाथने नक्कल केली. ती समोरच बसली होती. नोंद स्पष्ट होती – वीस दै, तेराशे छप्पन फसली. हे काम त्याने शेकडो वेळा केलं होतं. निजामाच्या राज्यातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे आणि पुढच्यांना पाचशे एक्क्याण्णव. दै हा दुसरा महिना. म्हणजे नोव्हेंबर १९४६.

"काय लिहायलात एवढं मन लावून?" ती पुढे वाकली. तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा वास कागदापर्यंत आला.

"तुमचा जन्म," तो म्हणाला, आणि स्वतःच्या धीटपणाने स्वतःच दचकला.

"नीट लिहा हं. एकच आहे."

त्याने लिहिलं – नोव्हेंबर १९४७. सही केली, शिक्का मारला. ती कागद घेऊन गेली.

संध्याकाळी गठ्ठा पुन्हा बांधताना त्याची नजर त्या नोंदीवर गेली. त्याने मनात बेरीज केली. पुन्हा केली. आणि फडक्याची गाठ हातात तशीच धरून तो उभा राहिला.

अर्ज सोमवारी परभणीला जाणार होता. हातात तीन दिवस होते. तिच्या घरापर्यंतची वाट दहा मिनिटांची होती.

तो गेला नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली, आनंदात होती, त्याला सांगता आलं नाही. मग सोमवार गेला. अर्ज गेला. आता तिकडे कोण एवढं बघतंय, असंही त्याला वाटलं. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे त्याने बघितलंच नाही.

मेच्या अखेरीस अर्ज परत आला. शाळेच्या दाखल्यात १९४६, जन्मनोंदीत १९४७, खुलासा करावा. ती कागद घेऊन कचेरीत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती चिडली नाही.

"चूक होते माणसाकडून," ती म्हणाली. "तेवढं नीट करून द्या."

त्याने तिथल्या तिथे नवी नक्कल केली. स्वतः रजा टाकून परभणीला गेला, चार दिवस तिथल्या कचेरीच्या वऱ्हांड्यात उभा राहिला, ज्याच्या त्याच्या हातापाया पडला. फाइल हलली नाही. जिनिव्हाचं संमेलन भरलं आणि संपलं.

जुलैच्या चौदा तारखेला सिताराम वाव्हळे गेले. शेवटच्या दिवसांत ते लेकीला म्हणत, न बघता सांग, पुस्तकातलं सांग. ती सांगायला बसायची आणि तिला रडू यायचं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नागनाथ गेला. बुद्धवंदना झाली, लोक पंगतीला बसले, तोही बसला. चारठाण्याच्या कुलकर्ण्यांपैकी त्या घरी कुणी जेवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी त्याच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, कानावर जाणार हे त्याला माहीत होतं. त्याने भात मागून घेतला.

लोक पांगल्यावर पंचफुला त्याच्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले होते. तरी आवाजात कितीतरी दिवसांनी जरा ओलावा होता.

"बाबा तुमच्याबद्दल बोलले होते," ती म्हणाली. "म्हणाले, तो माणूस चांगला हाय. भित्रा हाय, पण चांगला. तुझ्या मनात असंल तर कर लगीन... आधी जाऊन ये, मग कर."

नागनाथला वाटलं, आता गप्प बसलं तर सगळं मिळेल. ही बाई, हे घर, उरलेलं आयुष्य. नुसतं गप्प बसायचं, आणि ते तर त्याला फार छान येत होतं.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सत्तेचाळीस चूक आहे ते. अर्ज जायच्या आधी. मी सांगितलं नाही."

बाहेर कुणीतरी पातेली घासत होतं.

"का?"

"मला वाटलं... तुम्ही परत येणार नाही."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. म्हणजे लिंबाजी म्हणाला होता, पण... मलाच वाटलं."

"मला विचारायचं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "एकदा विचारायचं होतं, नागनाथराव. मी हो किंवा नाही सांगितलं असतं."

नागनाथने चष्मा काढून पुसला.

"त्यानंतर किती दिवस अर्ज मागे घेता आला असता?"

"पाच दिवस कागद परभणीतच होता, मुंबईला गेला नव्हता. मी चौकशी केली होती. म्हणजे... तीन आणि पाच. आठ."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग बोटं मिटून घेतली.

"त्या आठ दिवसांत तुम्ही मला रोज भेटत होता. त्याच आठ दिवसांत आपण व्हिएन्ना ठरवलं. डॅन्यूबवर कुठल्या पुलावर उभं राहायचं, ते तुम्ही पत्रकावर पेन्सिलीने खूण करून दाखवलं."

"हो."

"खूण करताना तुम्ही वर बघितलंच नाही. मला वाटलं..." ती थांबली. "मला भलतंच वाटलं."

मग नागनाथ म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. सगळे कागद मी..."

"करीन. कागद माझे मी करीन. बोलावणं येईल न येईल, पण जाईन कधीतरी, आणि परतही येईन." तिने पदराने तोंड पुसलं. "फक्त आल्यावर सांगायला कुणी नाही. ती वेळ तुम्ही राहू दिली नाही."

तो उठला. चपला शोधायला त्याला वेळ लागला, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. शेवटी तिनेच त्या पायाने सरकवून पुढे केल्या.

ती फाटकापर्यंत आली. बाहेर पडताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. ती उभी होती, हात जोडून, घरी आलेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तशी.