डावीची झीज

माणूस खोटं बोलतो, चप्पल बोलत नाही, असं साचेवाल्याचं ठाम मत होतं. मत कसलं, त्याच्यावरच त्याचं पोट चालायचं. दुखऱ्या टाचांचे, सपाट तळव्यांचे, एक पाय आखूड असलेले लोक त्याच्या दुकानात यायचे. तो त्यांच्या पावलांचे प्लास्टरमध्ये साचे घ्यायचा आणि त्यावरून बुटात घालायचे तळ करून द्यायचा. पण त्याआधी त्यांच्या जुन्या चपला मागून घ्यायचा आणि उलट्या करून बघायचा. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं, "रोज तासभर चालतो हो." साचेवाला कोऱ्या करकरीत टाचेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "हो का?"

चाळिशीत त्याला धावण्याचं वेड लागलं. वर्षभर घाम गाळून त्याने बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली तशा टाचा कुरकुरायला लागल्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी फर्मान काढलं, की धावून आलं की घरात अनवाणी फिरायचं नाही. जाड फोमच्या स्लीपर घालायच्या, पायांना विसावा मिळतो. बायकोने त्या आणून दिल्या. राखाडी रंगाच्या, दिसायला होडीसारख्या, पण पहिल्यांदा पाय आत गेला तेव्हा त्याच्या तोंडून आपसूक "अहाहा" निघालं.

आठव्या दिवशी सवयीने त्याने त्या उलट्या केल्या.

डावी टाचेच्या बाहेरच्या कडेला चांगलीच झिजली होती. उजवी जेमतेम. घरातल्या गुळगुळीत फरशीवर आठ दिवसांत एवढी झीज होत नाही. शिवाय ही कुणाची झीज, हे त्याला शिकवायला नको होतं. उजवा पाय जपून टाकणाऱ्या माणसाची.

"माझ्या स्लीपर तू घालतेस का गं?"

बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तरपत्रिकांच्या ढिगातून तिने मानही वर केली नाही. "एकीत माझे दोन्ही पाय मावतील. उगाच काहीतरी."

"मग मी लंगडतो का? बघ जरा."

तो स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. तिने चष्म्यावरून पाहिलं. "नाकासमोर चालतोस. लग्न झाल्यापासून तसाच चालतोयस."

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या दगडी लादीवर तो ओल्या पायांनी चालला. दोन्ही ठसे सारखे उठले. तिथेच त्याने विषय सोडायला हवा होता. पण हाडाचा कारागीर. त्याने उजव्या स्लीपरमध्ये कॉर्कची पातळ पाचर बसवली. उजव्या बाजूला भार यावा म्हणून गिऱ्हाइकांना बसवतो तशीच. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते मास्तर सांगायचे, आधी पाय बघ, मग पायताण; चपलेवर इलाज करू नकोस. त्याने नेमका तोच केला.

चार दिवसांनी त्याने स्लीपर पुन्हा उलट्या केल्या. डावी आणखी झिजली होती. उजवीची जी काही झीज होती ती नाहीशी झाली होती. तळावरच्या बारीक रेघा कारखान्यातून आल्यासारख्या धारदार दिसत होत्या. आत त्याच्या टाचेने पडलेला खळगा भरून आला होता. पाचरीवर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती.

झिजलेलं भरून येत नाही. त्याच्या धंद्यात एवढी एकच गोष्ट पक्की होती. साचेवाला घाबरला.

गुरुवारी सकाळी बायको शाळेत गेल्यावर त्याने प्लास्टरची कोरडी पूड चाळणीतून फरशीवर भुरभुरली, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. स्लीपर दाराजवळ भिंतीला लावून ठेवल्या. पुडीवर पाय न टाकता बाहेर पडला, कुलूप लावलं आणि धावायला गेला. दहा किलोमीटर कुठून कसे गेले, त्याला समजलं नाही.

परत आल्यावर त्याने कुलूप काढलं आणि दार हळूच ढकललं.

पुडीत ठसे होते.

डाव्या स्लीपरचा ठसा. त्याच्या उजवीकडे एक गोल ठसा, बाटलीच्या बुचाएवढा. पुन्हा डावी. पुन्हा गोल.

उजवीचा एकही नाही.

ते गोल ठसे त्याला ओळखीचे होते. त्याच्या दुकानाच्या लादीवर ते रोज उठायचे. कुबडीच्या रबरी टोपीचे.

ठसे दारापासून ओट्यापर्यंत गेले होते, तिथे थोडा वेळ घोटाळले होते आणि परत दाराशी आले होते. स्लीपर ठेवल्या होत्या तशाच होत्या. डावीचा तळ पांढरा झाला होता.

त्याने झाडून काढलं नाही. दुपारी बायको आली आणि पर्स हातात तशीच धरून उभी राहिली.

"ठशांवरून तुला माणसाचा अंदाज येतो ना?" तिने विचारलं.

"येतो."

"मग?"

"पावलाचा भार, टाचेचा कल, सगळं मोजलं. माझाच पाय आहे."

ती हसली नाही. खाली बसून तिने एका गोल ठशावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "रविवारी धावू नकोस," ती म्हणाली. "माझं ऐक."

त्याने ऐकलं. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली याचं वाईट वाटलं, रडू आलं, पण पाय राहिला म्हणजे मिळवली. शनिवारी त्याने स्लीपर कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकल्या आणि गाडीने त्या चिरडेपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

रविवारी शर्यत सुरू झाली तेव्हा तो खुर्चीत बसला होता. शर्यत संपली तेव्हाही तिथेच होता. दोन्ही पाय फरशीवर, धडधाकट. त्याने बोटं हलवून बघितली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

दुपारी बायको बाहेर जाऊन आली. हातात खोका. "फरशी गार आहे, टाचा पुन्हा धरतील. दुसऱ्या दुकानातून आणल्यात, निळ्या. त्या राखाडीचं नावसुद्धा नको."

खोक्यावरची चिकटपट्टी तिनेच नखाने काढली. खोका त्याच्या मांडीवर ठेवून ती हात धुवायला आत गेली.

त्याने झाकण उघडलं. उजवी कोरी होती, आत कागदाचा बोळा दाबून बसवलेला. डावीत बोळा नव्हता. त्याने ती उलटी केली. टाचेच्या बाहेरच्या कडेला अंगठा जेमतेम बसेल एवढी झीज होती.

"बघ ना घालून," आतून बायको म्हणाली. "मापाच्या आहेत ना?"

त्याने डावा पाय आत सरकवला. चपखल बसला. आतून ती ऊबदार होती, कुणीतरी आत्ताच पाय काढून घेतल्यासारखी.

"आहेत," तो म्हणाला.

उजवी त्याने बोळ्यासकट खोक्यात परत ठेवली आणि झाकण लावलं. मग उठण्यासाठी त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, काहीतरी धरायला.