घाटघरच्या बंगल्यातली दुहेरी काच

लाइट येईपर्यंत ऐका. कल्पेश अजून जुन्नरलाच आहे. कुणाला खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा. सांगायचा नाही तो, पण विचारा.

काचेचं दुकान असलेल्या पुनमचंद शेठचा हा धाकटा मुलगा. साल २००७, नागपंचमीची आदली रात्र. घाटघरला मुंबईच्या एका मालकानं बंगला बांधला होता आणि त्याच्या खिडक्या कल्पेशनंच बसवल्या होत्या. दुहेरी काचेच्या. दोन काचांमध्ये बोटभर पोकळी, चारी कडा घट्ट बंद, हवा आत जात नाही की बाहेर येत नाही. त्यातल्या वरच्या खोलीतल्या खिडकीत, त्या पोकळीतच वाफ धरायला लागली. आतून पुसा, बाहेरून पुसा, जात नाही. बारीक भोक पाडायचं, ओल सुकवायची, भोक बुजवायचं. एवढंच काम.

पावसात रस्ता अडला आणि पोचेपर्यंत अंधार झाला. राखणदार भिमाजी बॅटरी घेऊन पुढं आला.

"शेठ, वरल्या खोलीत आत्ता नगा जाऊ राव. सकाळी बघा."

"का? वाघ बांधलाय का वर?"

"वाघ परवडला."

कल्पेश हसला. म्हणाला, नुसती नजर टाकून येतो. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती.

भिमाजीच्या हातातली बॅटरी घेऊन त्यानं खिडकीवर उजेड मारला. सगळी काच पांढरी झालेली. मधोमध मात्र बशीएवढा दाट डाग. तो मोठा झाला. लहान झाला. पुन्हा मोठा.

त्याला वाटलं, पतंगासारखी एखादी पाकोळी अडकलीय आत, पंख मारतेय. घर जैनांचं, चातुर्मास चालू होता. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले जीवसुद्धा पुन्हा पाण्यात सोडायचे, हे आई कस्तुरबाईनं लहानपणापासून अंगवळणी पाडलेलं. डोळ्यांदेखत एक जीव गुदमरतोय आणि आपण सकाळची वाट बघायची? त्यानं पिशवीतनं सेलवर चालणारं ड्रिल काढलं आणि काचेला लावलं.

"काय करताय?" भिमाजी उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"आत जीव आहे रे. सोडवतो."

"जीव?" भिमाजीनं चौकट धरली. "शेठ, थांबा! हितं जानकू गेला. बांधकामावरचा गडी. गारठा लई व्हता, म्हनून शेगडी पेटवली अन् दार-खिडक्या लावून निजला. तुमच्या खिडक्यांतनं वारा न्हाई शिरला. सकाळी बघतोय तर..."

कल्पेशला हे कुणी कळू दिलं नव्हतं. कसं देतील? ठेकेदारानं प्रेत गुपचूप गावाकडं पाठवलं, दारूनं मेला म्हणून सांगितलं. एका ओळीची बातमी कुठं आली नाही. येऊ दिली नाही! अजून प्रेत थंड झालं नव्हतं, तोवर त्याच खोलीत रंगारी लावले. शरम नावाची चीज नाही या लोकांना.

भिमाजी सांगत होता तेवढ्यात ड्रिलनं काच भेदली.

भोकातून हवा बाहेर आली नाही. आत गेली. लांब... सावकाश... फार दिवसांनी कुणीतरी श्वास घ्यावा तशी.

मग थांबली.

दार धाडकन लागलं. भिमाजी बाहेर. कल्पेश आत. बॅटरी पडली, विझली. त्यानं चाचपडत खिडकीची मूठ ओढली. हलेना. दार ओढलं. हलेना.

पुन्हा तो श्वासाचा आवाज. आता काचेत नव्हता.

खोलीत होता.

मागं...

कानाशी...

कल्पेशनं ओरडायला तोंड उघडलं. छातीत हवाच नव्हती.

भिमाजीनं पहार घालून दार फोडलं. कल्पेश जमिनीवर पडलेला, ओठ निळे. खिडकीची काच लख्ख, कोरडी. जुन्नरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहे.

आठवड्यानं तो दुकानात बसला. चष्म्यावर धूळ दिसली म्हणून तोंडाशी धरून त्यानं 'हा' केलं. पुन्हा केलं. समोर बायको उभी होती, हर्षा. तिनं चष्मा घेतला, स्वतः 'हा' केलं. काच पांढरी झाली. तिनं ती पदरानं पुसली आणि चष्मा त्याच्या हातात दिला.

त्यानं परत 'हा' केलं. पोटातून.

काच स्वच्छच राहिली.