चौथा तुकडा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीची, वनिताची आहे. आणि रात्रीची नाही, भर दुपारची. गेल्या एप्रिलमधला बुधवार. कर्जतला लागून असलेल्या दहिवलीतलं तिचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान.

शूटिंग नवरा करायचा, कमलेश. एडिटिंग वनिताचं. जवळच्या चौक गावात तस्लीम नावाच्या मुलीचा निकाह शूट करून येताना कमलेशची गाडी घसरली आणि तो जागीच गेला.

दहाव्याला कावळा शिवेना.

दोन तास सगळे नदीवर ताटकळले. धाकटा दीर रोहिदास पिंडापुढे हात जोडून एकेक शब्द देत होता. पोरीला शिकवू, आईला सांभाळू, घराचा स्लॅब टाकू... कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि कसंबसं उरकलं.

आठवडा गेला. त्या बुधवारी तस्लीमच्या भावाचा, झाकीरचा फोन आला. त्यांची आई हुस्नबानो महिनाभर चेन्नईच्या दवाखान्यात होती, त्यामुळे लेकीचा निकाह तिला बघायला मिळाला नव्हता. संध्याकाळी पाचला ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर हातचं राखूनच बोलत होते.

"भाभी, पाचच्या आधी टाका. अम्मीला एकदा बघू दे," एवढंच तो म्हणाला.

फाइल अवाढव्य होती. अपलोड मुंगीच्या पावलानं निघालं आणि एकाहत्तर टक्क्यांवर अडकलं. वनिता काही हार मानणारी बाई नव्हे. वायफाय सोडून तिने वायर लावली. बाकीचं सगळं बंद केलं. मोबाइलचं नेट जोडून बघितलं. शेवटी फाइलचे चार तुकडे केले. तीन सुरळीत चढले.

चौथा... एकाहत्तर.

साडेचार वाजले. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. बाहेर एरवी रिक्षांची वर्दळ असते, तीही थांबलेली. मागच्या फळीवर बॅगेत कमलेशचा कॅमेरा होता. रोहिदासने त्याला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, अंधार पडायच्या आत तो न्यायला येणार होता.

समोरच्या वायरीवर एक कावळा बसला होता... ओरडत नव्हता.

वनिताला रागच आला. जिवंतपणीही हा माणूस मनातलं कधी सरळ सांगायचा नाही.

"काय पायजे रं तुला?" ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "त्या म्हातारीनं काय वाकडं केलंय तुजं?"

तिने पोरीचं नाव घेतलं. सासूचं घेतलं. आकडा हलला नाही.

"कॅमेरा नाय इकनार मी. बास?"

बहात्तर...

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी शंभर झाले. त्यानंतर वनिता टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने रोहिदासला येऊ नको म्हणून कळवलं.

सहाला झाकीरचा फोन आला. ऑपरेशन अर्धा तास पुढे गेलं, तेवढ्यात अम्मीने सगळं बघितलं, लेकीला दुआ दिली आणि हसत आत गेली. वनिताचा जीव भांड्यात पडला. पण झाकीर बोलता बोलता घुटमळला.

"भाभी, शेवटी चुकून दुसरं काहीतरी जोडलं गेलंय. एक बाई कंप्युटरसमोर बसलीय, पाठमोरी. टेबलावर डोकं टेकून रडतेय."

रडली ती फाइल चढून गेल्यावर.

वनिता सावकाश मागे वळली. बॅगेची चेन उघडी होती... आणि लेन्सचं झाकण बाजूला उलटं ठेवलेलं. कमलेशची तशीच सवय होती. कॅमेऱ्याची बॅटरी तर तिने तेराव्यालाच काढून ठेवली होती.

हुस्नबानो बरी होऊन घरी आली. कॅमेरा अजून फळीवरच आहे. शब्द दिलाय, विकणार कसा?

मी दुकानात गेलो की त्या फळीकडे पाठ करून बसत नाही. वनिताने मात्र टेबल फिरवून घेतलंय, आता ती कॅमेऱ्याकडे तोंड करून काम करते. आणि हल्ली कामाला बसण्याआधी आरशात बघून केस नीट करते.

खरं सांगू? मला भीती त्याचीच वाटते.