सत्तरीचा धोकांक

कासारदरा जलाशय उद्यानाच्या नियंत्रण कक्षातून सगळा तलाव एका नजरेत दिसत असे. तीन बाजूंना सह्याद्रीचे कडे, चौथीकडे धरणाची भिंत, आणि मध्ये वर्षभर एकाच पातळीवर राखलेले पाणी. उन्हाळ्यात होड्या, पावसाळ्यात धबधब्यांखालून जाणारी काचेची वाट, हिवाळ्यात तंबू आणि पोहणे. बारमाही उद्यान म्हणून कासारदऱ्याचे नाव देशभर झाले होते.

डिसेंबरातल्या त्या सकाळी शीतल वाघचौरे मात्र तलावाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"मला एवढंच सांगा," त्या समोरच्या तरुणाला म्हणाल्या, "माझ्यासाठी पाण्याकडचं फाटक का उघडलं नाही?"

शीतलबाई बहात्तर वर्षांच्या. चाळीस वर्षे त्यांनी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवले आणि त्याहून जास्त वर्षे त्या सांगलीला कृष्णेत पोहल्या. समोरचा विहान सोनटक्के पस्तिशीचा, उद्यानाचा मुख्य अभियंता. 'रक्षिका' ही इथली सुरक्षाप्रणाली त्याने स्वतः बांधली होती.

"मॅडम, तिकिटाबरोबर मिळालेलं हे जलकडं तुमच्या मनगटावर आहे ना," विहान नम्रपणे म्हणाला, "ते प्रत्येक पाहुण्याचे ठोके, श्वास आणि पाण्यातला वेळ मोजतं. उद्यान उघडल्यापासून कुठल्या वयोगटातली माणसं किती तास पाण्यात होती आणि त्या तासांत किती अपघात झाले, यावरून रक्षिका प्रत्येक गटाचा धोकांक काढते. जीवनौकेला कुणाला उचलावं लागलं, तर तोही अपघातच. सगळ्या तलावाची गेल्या महिन्याभराची जी सरासरी येते, तिच्या दुपटीहून ज्या गटाचा धोकांक जास्त, त्या गटाला पाणी बंद. दर सोमवारी पहाटे ती हिशेब नव्यानं मांडते."

"छान. सत्तरीच्या पुढचे किती जण आतापर्यंत पाण्यात उतरले?"

विहानने पडद्यावर पाहिले. "उद्यान उघडलं त्या आठवड्यात नऊ जण. त्यातल्या एका गृहस्थांना पाण्यातच हृदयविकाराचा झटका आला."

"वाईट झालं. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कुणीच नाही. धोकांक फार चढला होता."

"म्हणजे चार वर्षं तुमची रक्षिका त्या एका बिचाऱ्या माणसाकडे बघून आम्हा सगळ्यांना हाकलतेय." शीतलबाईंचा आवाज चढला नव्हता, पण वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा झाला होता. "तिचं चुकलं असेल तर ते तिला कळणार कसं? ज्यांना आत घ्यायचंच नाही, ती माणसं सुखरूप बाहेर आलेली तिला दिसणार कधी?"

हा प्रश्न विहानला कधी पडलाच नव्हता असे नाही.

"मला कळतंय मॅडम. पण विमा कंपनीचा करारच तसा आहे. रक्षिकेच्या निर्णयात माणसानं हात घालायचा नाही. मीसुद्धा नाही. ती फक्त पाण्यात काय घडलं त्यावरूनच शिकते."

"मग पाण्यातच काहीतरी घडवायला हवं," असे म्हणून शीतलबाई उठल्या.

फाटकाबाहेरच्या बाकावर रुक्साना मुजावर पाय लांब करून बसल्या होत्या. दोघींची मैत्री कृष्णेच्या घाटावरची, पन्नास वर्षांची. दोन्ही गुडघे गेल्यापासून रुक्सानाबाई घरातल्या घरातसुद्धा भिंतीला धरून चालत. कृष्णेचे पाणी आता पोहण्यासारखे राहिले नव्हते. शहरातले तलाव डॉक्टरांचा दाखला मागत आणि डॉक्टर वय ऐकून मान हलवत. "पाण्यात मला गुडघेच नसतात गं," असे त्या म्हणायच्या, आणि केवळ त्या एका वाक्यासाठी शीतलबाईंनी त्यांना हा डोंगरघाट चढवून आणले होते.

"काय म्हणतो पोरगा?"

"पोरगा चांगला आहे. त्याचं यंत्र अडाणी आहे." शीतलबाईंनी सगळे समजावून सांगितले. रुक्सानाबाईंनी ऐकून घेतले आणि शेजारच्या कठड्याकडे पाहिले. तो कंबरेइतका होता. पलीकडे सहा पावलांवर पाणी.

"मला वर चढव," त्या म्हणाल्या. "पलीकडे मी पडेन माझी माझी."

नियंत्रण कक्षात घंटा वाजली तेव्हा दोघी पाण्यात होत्या. विहान धावत काठावर आला. "मॅडम, बाहेर या! हा गुन्हा आहे!"

"असू द्या!" शीतलबाई ओरडल्या.

त्याच्या मदतनीसाने विचारले, "सर, त्यांची जलकडी बंद करू? म्हणजे यांचं पोहणं हिशेबातच येणार नाही."

विहानने पाण्याकडे पाहिले. कडे बंद केले की जीवनौकाही मागे जात नसे. तिला माणूस दिसे तो कड्यावरूनच. मग यातली एखादी बुडाली, तर ती त्याच्याच हाताने बुडाल्यासारखी होती. "नको," तो म्हणाला. "राहू देत चालू."

मानवरहित जीवनौका हळूच त्या दोघींच्या मागे लागली. तिच्या बाजूला पिवळी दोरी लोंबत होती. दोरी धरली की नौका माणसाला वर उचले, आणि तिकडे अपघाताची नोंद होई.

तलावाच्या मध्यावर रुक्सानाबाई थांबल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोटरीत गोळा आलाय. पाय हलत नाही."

जीवनौका जवळ सरकली. दोरी हाताच्या अंतरावर आली.

"धर ती दोरी, रुक्साना!"

"आणि अकरातले दोन मेलेबुडाले असं लिहू दे त्याला? मग आपल्यानंतर कुणालाच हे फाटक उघडायचं नाही."

"माझं गणित गेलं खड्ड्यात! धर म्हणते ना!"

"गणित तुझं असेल. पाय माझा आहे." रुक्सानाबाईंनी दात आवळले आणि त्या पाठीवर पडल्या. नाकातोंडात पाणी गेले, त्या खोकल्या, एकदा पूर्ण खाली गेल्या. शीतलबाईंनी त्यांच्या मानेखाली हात घातला. दुसऱ्या हाताने त्यांनी मैत्रिणीच्या पायाचा अंगठा धरून पाऊल नडगीकडे खेचले. आपण आत्ता हिला मारतो आहोत की काय, असे त्यांना वाटून गेले. मग हळूहळू पोटरी सैल पडली. रुक्सानाबाई आभाळाकडे पाहत तरंगत राहिल्या. नौका थोडी मागे सरली.

"चल," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "अजून अर्धा तलाव आहे."

काठावर पोलीस उभे होते. दोन म्हाताऱ्यांना टॉवेल गुंडाळून गाडीत बसवतानाचे चित्रीकरण संध्याकाळपर्यंत सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. शीतलबाईंनी कॅमेऱ्यासमोर फार काही सांगितले नाही. "ज्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि ज्यांना उत्तम पोहता येतं, त्यांनीच या. कडं घालून या. पाण्यात जितका जास्त वेळ राहाल तितकं बरं."

दुसऱ्या दिवशी सतरा जण आले. कोल्हापूरचे निवृत्त तालीममास्तर होते, मालवणच्या दोन बहिणी होत्या. कठड्याशी कुणीतरी एक स्टूल आणून ठेवले. सोमवारी फाटक उघडले नाही. धोकांक खाली आला होता, पण पुरेसा नाही. म्हणून पुढच्या दोन आठवड्यांत शंभरावर माणसे आली. पोलिसांनी पहिले चार दिवस नावे लिहून घेतली, मग तेही कंटाळले. ही माणसे सूर मारत नव्हती, शर्यती लावत नव्हती, दमली की मुकाट्याने बाहेर येत होती. जमत नाही असे वाटले तर उतरतच नव्हती. थंडीत तलावावर एरवी फारशी गर्दी नसे. आता दिवसभर पांढऱ्या केसांची डोकी संथपणे इकडून तिकडे जात होती. पिवळ्या दोरीला कुणाचा हात लागला नाही.

तिसऱ्या सोमवारी सकाळी शीतलबाईंनी जलकडे फाटकासमोर धरले. हिरवा दिवा लागला. रुक्सानाबाईंनी आत जाताना फाटकाच्या खांबाला मुद्दाम एक चापट मारली.

विहान फाटकाशी आला होता, पोहण्याच्या कपड्यांत. "अभिनंदन, मॅडम. वाटलं, आज तुमच्याबरोबर उतरावं." त्याने आपले कडे फाटकासमोर धरले.

लाल दिवा लागला.

त्याने पुन्हा धरले. पुन्हा लाल. मागच्या रांगेत पुण्याहून सहलीला आलेले तिशीतले तरुण होते. एकेकाचे कडे लाल होत गेले आणि आरडाओरडा सुरू झाला.

"यंत्र बिघडलंय!" कुणीतरी म्हणाले.

"बिघडलेलं नाही," शीतलबाई पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनाही हे आत्ताच उमगत होते. "विहान, आजवर सरासरी कोण ठरवत होतं? तुमच्याच वयाची मंडळी. वर्षातून एकदा यायचं, खडकावरून उड्या मारायच्या, मग नौकेनं उचलायचं. सगळेच तसे, म्हणून ते नजरेत येत नव्हतं. आता हजारो तास बिनअपघाताचे पोहणारे आम्ही त्या हिशेबात शिरलो. सरासरी खाली गेली. तुम्ही तिथेच राहिलात, दुपटीच्या वर."

विहानने मनात आकडे मांडले. ते बरोबर होते. "म्हणजे आता तिशीतलं कुणी आत जाणार नाही. आणि कुणी गेलंच नाही, तर आमचा आकडाही हलणार नाही."

"कधीच नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "माझी अजिबात अशी इच्छा नव्हती हो."

"करार माझ्या सहीचा आहे," विहान म्हणाला. "मी यात हात घालू शकत नाही."

मग तो रांगेकडे वळला. "ज्यांना खरंच पोहता येतं तेवढेच माझ्यामागे या. उड्या नाहीत. दमलात तर काठाला या, दोरीला हात लावायचा नाही." त्याने कठड्यावरून पाय पलीकडे टाकला. नियंत्रण कक्षात घंटा घणघणू लागली आणि काठावरचा पोलीस शिट्टी फुंकत धावला.

पाणी बर्फासारखे होते. पहिल्या झटक्याला त्याचा श्वासच अडकला. मागे जीवनौकेचे यंत्र सुरू झाल्याचे त्याने ऐकले आणि तो तलावाच्या मध्याकडे सावकाश, न घाबरता, हात मारू लागला.