अकरा पेशी जास्त

खरं तर तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती. पण डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीत तिने पाऊल टाकलं, आणि मान वर न करताच तो म्हणाला, "बसा. हनुवटी इथे टेका. पापणी मिटू नका हं."

"अहो, पण मी—"

"बोलू नका, फोटो हलतो."

लख्ख उजेड चमकला. डोळ्यांसमोर हिरवे-जांभळे ठिपके नाचत असताना तिला त्याचा आवाज ऐकू आला. "पडदा अगदी छान आहे तुमचा. इतका सुंदर पडदा बऱ्याच दिवसांत पाहिला नाही... केसपेपर कुठाय?"

"मी पेशंट नाही. वरच्या मजल्यावर उंदरांवर काम करते."

तो आधी ओशाळला, मग हसला. चेहरा नीट बघायच्या आधीच त्याने तिच्या डोळ्याच्या आत डोकावून पाहिलं होतं. असा मान फार थोड्या प्रेमवीरांना मिळतो.

दवाखान्यात तिला सगळे 'उंदीरवाली' म्हणायचे आणि त्याला 'फोटोवाला'. तिला तीक्ष्ण नजरेचा माणूस हवा होता, पेशी मोजायला. तिच्या उंदरांच्या डोळ्यांचा पडदा जन्मतःच कमजोर, हळूहळू खराब होणारा. निम्म्यांना तिने एक मायक्रो-आरएनए टोचला होता, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या पडद्यात किती पेशी जगल्या, ते स्लाइडवर मोजायचं होतं. तिची तीन वर्षांची मेहनत त्या मोजणीवर टांगलेली होती.

"हा मायक्रो-आरएनए करतो काय?" त्याने विचारलं.

"पेशीतला इवलासा रेणू असतो. स्वतः काही घडवत नाही. पण कोणत्या जनुकाने बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, ते तो ठरवतो. तो नसला तर बाळाच्या डोळ्याचा पडदा धड तयारही होत नाही."

"म्हणजे आमची आत्या!"

ती खळखळून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी वर येऊन मोजायला लागला.

मोजणी आंधळी हवी, असा नियम. कोणत्या स्लाइडला औषध मिळालंय, ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. यादी कपाटात कुलूपबंद होती, पण तिला ती तोंडपाठ होती... आणि रोज चार वाजता ती चहा घेऊन मोजणीच्या खोलीत त्याच्याकडे जायची. अवाक्षर बोलायची नाही. पण चेहऱ्याला कुलूप कुठून घालणार? औषधाची स्लाइड स्क्रीनवर आली, की तिच्या गालाला खळी पडायची.

तीन आठवड्यांनी, कप न उचलताच तो म्हणाला, "मी आता मोजणार नाही."

"कंटाळलात?"

"सत्तावीस नंबरला औषध दिलंय. बत्तीसलाही. चाळीसला—नाही."

"यादी पाहिलीत तुम्ही?"

"तुम्हाला पाहिलं." त्याने मान खाली घातली. "काठावरची अर्धवट पेशी दिसली, की मोजू की नको, असं होतं. तुम्ही हसलात, की बोट आपोआप बटण दाबतं. सगळी मोजणी बिघडवली मी. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता, पण... तुमच्या कामात खोट नको."

रडावं की याचा हात धरावा, हेच तिला कळेना.

मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकलं, दोघांना चांगलं फैलावर घेतलं, स्लाइडवर नवे नंबर चिकटवले आणि दार लावून स्वतः मोजायला बसल्या. तोवर दोघांनी भेटायचंही नाही, असा हुकूम! नव्या मोजणीत फरक उरला नाही, तर तीन वर्षं पाण्यात. आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. आणि रोज चार वाजले, की फारच वाईट वाटायचं.

नवव्या दिवशी मॅडमनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "मिठाच्या पाण्याच्या स्लाइडवर माझे आणि त्याचे आकडे सारखेच, साठाच्या आसपास. औषधाच्या स्लाइडवर मला मिळाल्या सरासरी चौऱ्याण्णव. औषध लागू पडतंय, पोरी."

तिने मॅडमना मिठीच मारली.

"थांब. त्याला मिळाल्यात एकशे पाच. दर स्लाइडला अकरा पेशी जास्त! पहिली मोजणी रद्द का झाली, त्याचं कारण अहवालात लिहून आण. आणि खरं ते लिही."

ती दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आली. तो यंत्राची काच पुसत होता.

"लागू पडलं!"

तो आनंदाने इतका ओरडला, की बाहेर बसलेले पेशंट दचकले. मग त्याला आठवलं. "माझ्या चुकीमुळे तुम्हाला—"

"चूक माझी. मोजणीच्या खोलीत यायची मला बंदी होती. तो नियम मीच लिहिलाय."

"मग... का यायचात?"

"चहा काय, कँटीनवालाही आणून देतो." तिचे कान तापले. "मी तुम्हाला बघायला यायचे."

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायचं त्याला सुचलं नाही.

"आता तुम्ही सांगा," तिने कागद पुढे ओढला. "अकरा पेशी जास्त का दिसल्या? अहवालात लिहायचंय."

"लिहा— मोजणारा... प्रेमात पडला होता. अजूनही आहे."

तिने पेन कागदावर टेकवलं, पण अक्षर काही उमटेना.

"हे कुणी छापणार नाही," ती म्हणाली. "तरी... पुन्हा एकदा सांगा. सावकाश."