पवनचक्कीखालची कपार

ते गिधाड पडताना भरतेशने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी सड्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्यांची देखभाल हे भरतेशचं काम. त्या दुपारी तो शेवटच्या रांगेतल्या एका मनोऱ्याच्या माथ्यावर कमरेला पट्टा बांधून उभा होता. शेजारच्या पवनचक्कीचं पातं वरून खाली आलं, एक मोठा तपकिरी पक्षी त्यात सापडला आणि कड्यापलीकडे भिरकावला गेला. सडा जिथं संपतो तिथंच सरळसोट कडा आहे, आणि कड्याखाली कोयनेच्या अभयारण्याचं जंगल.

भरतेशने ही गोष्ट फक्त उत्कर्षाला सांगितली. कराडची उत्कर्षा या भागातल्या गिधाडांचा अभ्यास करत होती. त्या पक्ष्याच्या पाठीवर तिनेच छोटं यंत्र बसवलं होतं. यंत्राचा संदेश आता कड्याच्या मध्यावरून येत होता.

"यंत्र थोडं थोडं हलतंय," ती म्हणाली. "म्हणजे ते जिवंत आहे. उद्याच उतरायला हवं."

गिधाडं दुपारच्या तापल्या हवेवर कड्यावरून वर चढतात, म्हणून शेवटची रांग दुपारी बंद ठेवावी, असा तिचा अर्ज वनखात्याकडे पडून होता. आमच्या पात्याला आजवर एकही पक्षी लागलेला नाही, असं कंपनी सांगत होती. जखमी पक्षीच हाती आला तर आपल्याला काही बोलावं लागणार नाही, अशी भरतेशची आशा होती. नोकरी त्याला हवी होती.

उतरणाऱ्यांत तिसरे होते लालासाहेब. सड्यावरच्याच गावचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दोर आणि कडा हे त्यांचं उभ्या नोकरीतलं काम.

वनखात्याची परवानगी घेऊन तिघं सकाळी नाळेच्या तोंडाशी आले. नाळ म्हणजे कड्याला पडलेली उभी, अरुंद चीर. पावसाळ्यात तिच्यातून धबधबा कोसळतो, आता माघात नुसते सुटे धोंडे होते. दोन्ही बाजूंना कारवीची वाळलेली झुडपं उभी होती. डोक्यावर पात्यांचा घुं-घुं आवाज येत होता आणि जसजसं खाली उतरावं तसतसा तो मागे पडत होता.

पहिल्याच वळणावर लालासाहेबांनी हात वर केला.

"थांबा! गवा हाय."

नाळेच्या बरोबर मध्ये एक काळाभोर नर उभा होता. भिंतीसारखं अंग, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. तिघं धोंड्यामागे बसले. गवा शांतपणे कारवीत उरलेला हिरवा पाला ओरबाडत राहिला. पुष्कळ वेळानं तो बाजूच्या झाडीत शिरला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

नाळेतून एक चिंचोळा पट्टा कड्यावर आडवा जात होता. एका बाजूला कातळ, दुसरीकडे नुसती हवा! पोट कातळाला लावून तिघं सरकत गेले. पट्ट्याच्या शेवटी उंबराचं एक जाड मूळ कातळात घुसलं होतं. लालासाहेबांनी त्याला वळसा देऊन दोर धरला आणि उत्कर्षा खाली उतरू लागली.

"दिसलं!" ती ओरडली. "कपारीत बसलंय. डावा पंख लोंबतोय. माझ्याकडेच बघतंय!"

आणखी दोन हात उतरलं की झालं असतं. तेवढ्यात तिच्या पायाखालचा दगड निसटला. गडगडत गेला आणि खालच्या कातळाच्या छज्ज्याला लटकलेल्या आग्या मोहोळावर आदळला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कडाच गुणगुणायला लागला.

"मला वर घ्या! मोहोळ उठलं!"

माश्यांचा काळा लोट वर आला. लालासाहेबांच्या कपाळावर, पापण्यांवर, मानेवर माश्या बसल्या. हात सोडला तर उत्कर्षा खाली जाणार. त्यांनी हात सोडला नाही! दात आवळून ते दोर ओढत राहिले. भरतेशने मागून दोर धरला. उत्कर्षाची बोटं काठावर दिसली. त्याने तिला मनगटाला धरून वर खेचलं आणि लालासाहेबांच्या खांद्यावरचं घोंगडं तिघांवर टाकलं.

घोंगड्याच्या अंधारात कुणी हललं नाही. हळूहळू गुणगुण ओसरली.

लालासाहेबांचे डोळे सुजून मिटले होते. ओठ जाड झाले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"श्वास लागतोय त्यांना," उत्कर्षा म्हणाली. तिचेही हात फुगले होते. "माश्यांचं विष अंगात भिनलंय. ताबडतोब दवाखाना गाठायला हवा."

"आवं, मला काय हुतंय?" लालासाहेब कसेबसे बोलले. "पाखरू घ्या आदी... इतक्या लांब आलाय..."

उत्कर्षाने एकदा खाली पाहिलं. पक्षी तिथंच होता.

"दोर गुंडाळ, भरतेश," ती म्हणाली.

पट्टा त्यांनी कसा ओलांडला हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. नाळेत भरतेशने लालासाहेबांना पाठीवर घेतलं, दोराने आवळून बांधलं आणि चढायला सुरुवात केली. मानेवर त्यांचा तुटक श्वास लागत होता. वळणावर तो गवा पुन्हा उभा!

आता थांबणं शक्य नव्हतं. उत्कर्षा पुढे झाली. पाण्याची स्टीलची बाटली दगडावर आपटत, घसा फाडून ओरडत ती चालत सुटली. गव्याने फुत्कार सोडला, डोकं खाली घातलं.

"भिंतीला लाग!" उत्कर्षा ओरडली.

दोघं कातळाला चिकटले. धोंडे उडवत ते धूड हातभर अंतरावरून खाली निघून गेलं. धुरळा बसायच्या आत भरतेश पुन्हा चढत होता.

सड्यावर येताच त्याने कंपनीची जीप मागवली. पाटणच्या दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर लालासाहेबांच्या छातीतली शिट्टी थांबली. "गिधाडाचं काय झालं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात, मोहोळ शांत असताना, वनरक्षकांना घेऊन भरतेश आणि उत्कर्षा पुन्हा उतरले. तिचे हात सुजलेले, म्हणून दोरावर भरतेश गेला. पक्षी होता! त्याने घोंगडं टाकून त्याला उचललं, तशी गिधाडाने मान काढली आणि पोटातलं सगळं सडकं मांस त्याच्या शर्टावर ओकलं. कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातला भरतेश डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला, पण घोंगडं त्याने सोडलं नाही.

वनखात्याच्या बैठकीत कंपनीचे व्यवस्थापक म्हणाले, "पक्षी कड्याला धडकला असेल. पात्यानं लागलं याला पुरावा काय?"

भरतेशने पाहिलंय हे उत्कर्षाला ठाऊक होतं, पण तिने त्याचं नाव घेतलं नाही. भरतेश उठून उभा राहिला.

"पात्यानंच लागलं, साहेब. मी शेजारच्या मनोऱ्यावर होतो."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"भ्यालो होतो."

पावसाळा लागेपर्यंत शेवटची रांग दुपारी बंद ठेवायचं ठरलं. त्याच आठवड्यात भरतेशची बदली कवठे महांकाळच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर झाली. त्याने सामान बांधलं आणि तो गेला.

एका दुपारी लालासाहेबांचा फोन आला.

"भरतेश, पाती उभी हायती बग. कड्यावरनं चार गिधाडं वर आल्यात. लय उंच गेली गड्या!"

"आणि आपलं?"

"ते पिंजऱ्यात. पंख न्हाई जुळायचा म्हणतोय डॉक्टर. पण खातंय बग राक्षसासारखं!"