मान खाली घालून भरलेलं कार्ड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण ही माझ्या सख्ख्या मावशीची हकीकत आहे आणि थापा मारणं तिला जमत नाही.

शहाण्णवचा जानेवारी. दिल्लीतल्या मयूर विहारमधला दातांचा दवाखाना. भर दुपारीही बाहेर दाट धुकं.

अलकनंदामावशी तिथे असिस्टंट होती. डॉक्टर भसीन पेशंटच्या तोंडात आरसा धरून एकेका दाताचा नंबर आणि अवस्था सांगायचे. मावशी मान खाली घालून तेच मोठ्यानं म्हणायची आणि कार्डावरच्या दातांच्या चित्रात खूण करायची. किडलेल्याला ठिपका, नसलेल्यावर फुली.

त्या दिवसांत ती कुणाकडेच बघत नव्हती. तिचे यजमान, दिनकरकाका, नोएडाच्या कारखान्यात गेले ते परतलेच नव्हते.

सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, काही कळलं का?"

मावशी पार बधिर झाली होती. बरं-वाईट काहीही असो, एकदाचं कळू दे, एवढंच तिला वाटायचं.

त्या दुपारी डबा खाऊन ती टेबलाशी बसली. आणि खुर्चीकडून डॉक्टरांचा आवाज आला...

"सोलह, कीड़ा."

"सोलह, कीड़ा." मावशीनं सवयीनं नवं कार्ड ओढलं.

"इक्कीस, टूटा हुआ."

मग खालचे पुढचे दात.

"इकतीस, नहीं है. इकतालीस, नहीं है."

आवाज थांबला.

पेशंटचं नाव विचारायला तिनं मान वर केली...

खुर्ची रिकामी होती. वरचा दिवासुद्धा बंद.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मफलर सोडत डॉक्टर आत आले. "अरे यार, बैंक में कितनी भीड़ थी!"

मावशी घाबरलीसुद्धा नाही. घाबरायला तरी आत काही शिल्लक हवं ना! बिननावाचं कार्ड तिनं ड्रॉवरमध्ये टाकलं.

पुढच्या आठवड्यात कालव्याकाठी एक प्रेत सापडलं. चेहरा पार ठेचलेला. पोलिसांनी मावशीला विचारलं, "दाँतों का कोई रिकॉर्ड है?"

काका डॉक्टरांच्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते. तरी मावशीनं ते कार्ड काढून दिलं.

डॉक्टर शवागारातून परतले ते पांढरेफटक पडून. खूण न् खूण जुळली होती.

"अलकनंदाजी, ये दाँत तो मरते वक़्त टूटे हैं. परसों. और आपका कार्ड पिछले हफ़्ते का है..."

"सर, आप ही तो बोल रहे थे," मावशी म्हणाली.

घरी सासूबाईंना तिनं सांगितलं, "कळलं."

कार्ड भरलं त्या दुपारी काका जिवंत होते.

"तेव्हाच उठून शोधायला गेले असते तर रे?" मावशी अजून मला विचारते.